पाचवा हो

हेमांगी कोळी पाचोऱ्याला उतरली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवर भज्यांचा पहिला घाणा निघत होता. तिने उभ्याउभ्याच चहा घेतला, पिशवीतली फाईल उघडून कागद जागेवर असल्याची खात्री केली आणि मगच रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. ही तिची जुनी खोड. राष्ट्रीय विमान कंपनीच्या मुंबईतल्या मालवाहतूक विभागात सोळा वर्षं कागद तपासण्यात गेल्यावर माणूस स्वतःच्या घरचं रेशनकार्डही दोनदा वाचतो.

कंपनी खासगी मालकाकडे गेली तेव्हा तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ती जळगावला परतली. आता केळी आणि भाजीपाला परदेशी पाठवणाऱ्यांचे कागद करून द्यायची. यंदा विभागातल्या जुन्या अधिकाऱ्यांनी विभागाच्या इतिहासाची स्मरणिका काढायचं ठरवलं होतं. टपालाच्या थैल्यांपासून सुरुवात, मग फक्त माल वाहणारी विमानं, आखातात जाणारे आंबे, शेवटी घसरण आणि विक्री. प्रकरणं वाटली गेली. हमालांचं प्रकरण कोण लिहिणार, असं विचारल्यावर सगळे टेबलावरच्या बिस्किटांकडे बघू लागले. हेमांगी म्हणाली, "मी लिहिते." सगळ्यांना तिचं फार कौतुक वाटलं. कौतुक करण्यासारखं त्यात काही नव्हतं, तिला फक्त तीन म्हाताऱ्यांना गाठायला निमित्त हवं होतं.

फाईलमध्ये एकाच पानाची झेरॉक्स होती. कंपनी विकली जात असताना जुनी दप्तरं रद्दीत निघाली, त्या ढिगात तिला ते पान सापडलं. १४ मे १९८६, आखातात जाणारं दुपारचं मालविमान, आंब्याचे दहा थर. दार बंद झालं चार वाजून चाळीस मिनिटांनी. खाली हमालांची पाच नावं आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. पाचवं नाव सुपडू कोळी. तो तिचा बाप.

त्या दिवसानंतर सुपडू कोळी कुणालाच दिसला नाही. कंपनीने चौकशी केली आणि दोन ओळींचं पत्र घरी पाठवलं, की कामगार न सांगता निघून गेला आहे. हेमांगी तेव्हा तीन वर्षांची होती. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. गावाने पत्राचा अर्थ आपल्या सोयीने लावला आणि सुपडूने मुंबईत दुसरं घर केलं म्हणून सांगायला सुरुवात केली. पाणवठ्यावर, लग्नात, शाळेच्या दाखल्यावर सही घेताना हेमांगीने ते इतक्यांदा ऐकलं, की तिचा त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता. बापाचा तिला राग यायचा. आणि कपाळाला कुंकू लावून बसलेल्या आईचा त्याहून जास्त.

पण पान सापडल्यापासून तिला एक शंका खात होती. आणि ती शंका त्या पाच खुणांमुळे होती.

मालविमानाचा नियम साधा असतो. माल आत रचतात, जाळ्या ओढून बांधतात, हमाल बाहेर येतात. दार लावण्याआधी मुकादम एकेकाचं नाव घेतो आणि ज्याचं नाव घेतलं तो "हो" म्हणतो. हो म्हणजे मी बाहेर आहे. आंब्यांच्या विमानात आत गारवा असतो, मे महिन्याच्या उन्हातून आलेला माणूस पेट्यांच्या आडोशाला डुलकी काढू शकतो आणि दार लागलं की वर हवेत त्याचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून ही हजेरी. पण सुपडूच्या, म्हणजे जीवराम मुकादमाच्या टोळीत सगळे खानदेशी होते आणि खानदेशी माणसाचा जीव गावाकडच्या गाडीत अडकलेला असतो. कुणाला लवकर सटकून गाडी पकडायची असली, की दुसरा त्याच्या नावाचा "हो" म्हणायचा. हे हेमांगीला विभागातल्या एका जुन्या कारकुनाने हसत हसत सांगितलं होतं.

तिला हसू आलं नव्हतं. तिच्या बापाच्या नावाचा "हो" म्हणणारा कुणीतरी होता, त्या एका "हो"वर कंपनीने बापाला पळपुटा ठरवलं आणि तो माणूस नंतर गप्प बसला. तो कोण, एवढंच तिला हवं होतं.

सुपडू सोडून उरलेल्या चार हमालांतले दोघे आता हयात नव्हते. उरले हिलाल, झुलाल आणि स्वतः मुकादम.

हिलाल आबा पाचोऱ्यात मुलाच्या घरी ओसरीवर खाट टाकून बसले होते. स्मरणिकेचं ऐकून ते खुलले. जाळीची गाठ कशी मारायची, पावसात ताडपत्री कशी ओढायची, एकदा घोडा विमानात चढवताना साहेबाचा पाय कसा तुडवला गेला, सगळं त्यांनी हात हलवून सांगितलं. हेमांगीने मान डोलावली, लिहून घेतलं आणि मग झेरॉक्स त्यांच्या पुढ्यात ठेवली.

आबांनी पान हातात घेतलं नाही. तिच्याकडे नीट पाहिलं.

"सुपडूनी आंडेर शे का तू?"

"हो. मुलगी."

आत कुणाला तरी त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितलं. मग गुडघे चोळले.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन दोन दिवस झाले होते, ते म्हणाले. सणाला सुपडूला रजा मिळाली नव्हती. म्हणून त्या दिवशी तरी तो लवकर निघून भुसावळकडची गाडी पकडणार होता, पोरीसाठी बांगड्या घेतल्या होत्या त्याने. त्याच्या नावाचा "हो" हिलालने म्हणायचा, असं सकाळीच ठरलेलं.

"म्हणजे तुम्हीच म्हणालात," हेमांगी म्हणाली.

"मी नही म्हनं. गळाले हात लाईसन सांगस." आबांनी खरोखरच गळ्याला हात लावला. "मी तोंड उघडाना आधीच हो उना."

"कुणाचा आला?"

"झुलालले इचार. तो दरवाजाजोडे व्हता."

निघताना त्यांनी तिला पायरीपर्यंत सोडलं. म्हणाले, त्या दिवसापासून आमच्यात कुणी कुणाच्या नावाचा हो म्हटला नाही. हे सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, म्हणून तिने ते फाईलच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं. माणूस दुसऱ्याचं नाव सांगून मोकळा होतो तेव्हा बहुतेक वेळा तोच दोषी असतो, असा तिचा अनुभव होता.

दोन दिवसांनी ती चाळीसगावला गेली. झुलाल नानांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, आता मुलगा चालवायचा. नाना मागच्या बाजूला स्टुलावर बसून जळक्या मोटारीतली तांब्याची तार सोडवत होते. हिलाल आबांनी फोन केलेला दिसत होता, कारण तिने नाव सांगायच्या आधीच त्यांनी तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती.

"लिहू नको," ते म्हणाले. तिने पेन खाली ठेवला.

"नाना, हो कोण म्हणालं?"

"सुपडूच बोलना."

"म्हणजे ते बाहेर होते?"

नानांनी नाही अशी मान हलवली आणि तार पुन्हा हातात घेतली. "आवाज मझारतीन उना."

मग त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. ते दाराला लागलेल्या शिडीवर उभे होते. मुकादमाने पाचवं नाव घेतलं आणि विमानाच्या पोटातून, आंब्यांच्या मागून "हो" आला. मोठ्याने नव्हे. घरात कुणी हाक मारल्यावर आतल्या खोलीतून द्यावा तसा. नानांना वाटलं सुपडू गंमत करतोय, आता धावत येईल. पण दार खाली येऊ लागलं होतं. त्यांनी मुकादमाला हात केला, मुकादमाला वाटलं सगळं ठीक आहे. इंजिनं सुरू झाली, कुणाचं कुणाला ऐकू येईना. सुपडू निघून गेला असेल, आवाज आपल्याच कानात वाजला असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. अर्ध्या तासाने सुपडूची पिशवी जागेवरच सापडली. बांगड्या, गाडीचं तिकीट, सगळं तिच्यात होतं. मग कुठे मुकादम धावत साहेबाकडे गेला. पलीकडे संदेश गेला. तिथे विमान उतरलं, दार उघडलं, दहाही थर उतरवून एकेक जाळी सोडली.

"मग?"

"कोनीच नही."

हेमांगी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून विचार करत राहिली. दोघांच्या सांगण्यात एक धागा सारखा होता, हो आला पण दोघांपैकी कुणी म्हटला नाही, आणि तोच तिला खटकत होता. एवढ्या वर्षांनी दोन म्हाताऱ्यांना एकच गोष्ट इतकी नेमकी आठवते, म्हणजे त्यांनी ती मिळून घोटलेली आहे. भांडण झालं असेल. धक्का लागून पडला असेल. पाच जणांनी काहीतरी झाकलं असेल आणि विमानाची कथा रचली असेल. तिला त्या दोघांचा संताप आला, आणि त्याच वेळी, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा, बापाबद्दल मनातली अढी जरा सैल झाली. त्याने बांगड्या घेतल्या होत्या. निदान एवढं दोघांपैकी कुणीही रचलं नसावं, असं तिला फार वाटत होतं.

जीवराम भाऊ ऐंशीला टेकले होते. सावद्याला पुतण्याचं केळी पॅक करायचं शेड होतं, तिथे दिवसभर खुर्ची टाकून बसायचे. समोर बायका केळीच्या फण्या पाण्याच्या टाकीत धुऊन खोक्यात भरत होत्या. शेडमध्ये ओल्या केळीचा आणि पुठ्ठ्याचा वास होता. भाऊंची नजर अधू झाली होती, पण कान शाबूत होते. खोकं ओढल्याच्या आवाजावरून ते वजन सांगायचे आणि बायका त्यांची थट्टा करायच्या.

हेमांगीने या वेळी स्मरणिकेचं नाव काढलंच नाही. "भाऊ, तुम्ही तिघांनी बसून ठरवलेली गोष्ट मी दोघांकडून ऐकली. आता खरी सांगा."

भाऊ रागावले नाहीत. "ठरवायची असती, पोरी, तर जरा बरी ठरवली असती. कुणाला पटेल अशी."

"मग चौकशीत का नाही सांगितलं? हजेरीवर खूण करून मोकळे झालात. आईने कसे दिवस काढले माहीत आहे तुम्हाला?"

"काय सांगायचं होतं? की मेलेला नाही, पळालेला नाही, विमानात नाही, आणि हो मात्र म्हणाला?" त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ते मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. भ्यालो. नोकरी गेली असती."

टाकीत पाणी पडत होतं.

"दुसऱ्या दिवशीचं ऐक," भाऊ म्हणाले. "दुपारचंच विमान. टोळीत चार उरले. मी चार नावं घेतली. चार हो आले. दार लावलं. आणि दार लागल्यावर आतून पाचवा आला."

"भाऊ."

"दार उघडून पाहिलं. तीनदा. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी मी पाच नावं घेतली. पाचवा हो वेळेवर आला, दार लागल्यावर काही नाही. मग मी नाव वगळलंच नाही. रिटायर होईपर्यंत, अठरा वर्षं. माझ्या जागी आला त्यालाही सांगून आलो."

हेमांगीला हसून उडवून लावायचं होतं. पण तिला तिचे स्वतःचेच कागद आठवले. नोकरीची पहिली वर्षं, मालविमानं अजून चालू होती. जीवराम भाऊ तिच्याआधीच निवृत्त झाले होते. दुपारच्या विमानाच्या कागदावर हमालांचा आकडा पाच असायचा आणि खाली सह्या चार. तिने एकदा विचारलंही होतं. वरिष्ठ म्हणाले, टोळीची जुनी पद्धत आहे, करा सही. तिने सही केली होती. महिनोन्‌महिने, रोज, स्वतःच्या हाताने. आपल्या बापाची हजेरी आपणच लावत होतो, हे तिच्या लक्षात आलं.

"हो म्हणजे बाहेर आहे, असा आमचा नियम," भाऊ हळूच म्हणाले. "सुपडू खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणत होता, मी आहे. कुठे, ते आम्ही कुणी विचारलंच नाही."

त्याच दुपारी ती गावाला निघाली. आईला सांगायलाच हवं होतं. काय सांगायचं ते तिला एसटीत बसल्यावरही ठरवता आलं नाही, पण एक गोष्ट पक्की होती, बाप त्या दिवशी घरी यायला निघाला होता. दुसरं घर, दुसरी बाई, सगळं झूट. ते आईला कळलं पाहिजे होतं. तिला रडू येत होतं आणि शेजारची बाई काय म्हणेल म्हणून ती खिडकीबाहेर बघत होती.

तिची आई जमना घराच्या दारात तांदूळ निवडत होती. पासष्टी उलटली तरी पाठ ताठ. हेमांगी पाचवीला जळगावच्या वसतिगृहात गेली, सासू वारली, तेव्हापासून जमना या तीन खणांत एकटी राहत होती आणि कितीही सांगितलं तरी जळगावला यायला तयार नव्हती.

हेमांगीने चूल पेटवून चहा केला आणि सगळं सांगितलं. रजा, बांगड्या, गाडीचं तिकीट, ठरलेला हो. विमानाचंही सांगितलं, कारण आता वगळण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई तांदळातले खडे काढून उंबऱ्याबाहेर टाकत राहिली.

शेवटी तिने विचारलं, "कितला वाजेल व्हतात?"

"चार चाळीस. दुपारचे."

जमनाने सूप खाली ठेवलं.

"त्या दिन वारा सुटना व्हता," ती म्हणाली. "केळी बठ्ठ्या आडव्या पडन्यात. साडेचारनी एसटी नुकतीच गयी व्हती."

वादळ आलं तेव्हा घरात ती, सासू आणि खाटेवर झोपलेली हेमांगी. धुळीने काही दिसेना. ती दार लावायला गेली आणि कडी घालण्याआधी, घरातली बाई विचारते तसं, मागे न बघता विचारलं, बठ्ठा मझार शेतस ना? सगळे आत आहेत ना?

"हो उना," जमना नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली. "तेसनाच. मी म्हनं, एसटीवर उनात वाटतं. मी कडी लाई दिनी."

"मग?"

"मग मांगे दखं. कोनीच नही."

हेमांगीने आईचा हात धरला. हात कोरडा आणि गरम होता. तिला खूप विचारायचं होतं, पण तोंडून एकच निघालं, "माय, तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? घर मां शेतस म्हनीसन?"

बाहेर दिवेलागण झाली होती. कुणाच्या तरी म्हशी परतत होत्या. आई उठली, सूप आत ठेवून आली, देवापुढे दिवा लावला. कुंकवाचं बोट कपाळाला टेकवलं. हेमांगी तिच्याकडे पाहत बसली. या बाईला तिने किती वर्षं मनातल्या मनात खुळी म्हटलं होतं, त्याची तिला लाज वाटत होती. बाप पळालेला नव्हता. तो यायला निघाला होता, आणि त्याला यायचं होतं तिथे पोचला होता.

मग तिला सुचलं, की आपण हे नीट विचारलेलं नाही.

"माय, ते एकदाच झालं ना? त्याच दिवशी?"

जमना दाराशी गेली होती. फळी लोटून तिने कडीला हात घातला.

तिने मागे न बघता विचारलं, "बठ्ठा मझार शेतस ना?"

घरात त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. आतल्या खोलीचा पडदा स्थिर होता.

"हो," हेमांगी म्हणाली. घाईने, जरा मोठ्यानेच.

आईने कडी लावली नाही. हात तसाच ठेवून ती थांबली.

"तुले नही इचारं मी," ती म्हणाली, आणि कान आतल्या खोलीकडे देऊन उभी राहिली.